फाउलर कॉट, साडेचार महिने वापरून

आधीच कबूल करतो. ज्या रुग्णसाहित्य केंद्राबद्दल (कॉट, वॉकर असं आजारपणातलं सामान भाड्याने देणारं) लिहितोय तिथे मी आता दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात काउंटरवर बसतो. तेव्हा हे परीक्षण तटस्थ वगैरे समजू नका. पण कॉट नेली तेव्हा मी तिथल्या एकालाही ओळखत नव्हतो, आणि जे खटकलं तेही खाली लिहिलंय. संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत आणि माणसं आठवड्याला भेटणारी आहेत. ठाणे पश्चिमेला, जुन्या वस्तीत, तळमजल्यावर दोन गाळे, एवढं पुरे.

आमच्या सासूबाई, वय ८१, गेल्या श्रावणात न्हाणीघरात घसरल्या. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बॉल बदलला. डिस्चार्ज शनिवारी दुपारी, आणि शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर सहज सांगावं तसं सांगतात, "घरी फाउलर बेड लागेल हं. पाठ वर-खाली करता आली पाहिजे. आणि मांडी घालून बसणं आता विसरा." हातात एक रात्र.

स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं. महिन्याचं भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट दहा हजार, जिना असेल तर हमाली वेगळी. आमचं घर वर्तकनगरला म्हाडाच्या जुन्या इमारतीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुकानदार जिन्याचं ऐकून गालात हसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो, त्या केंद्रात जा ना, आमच्या ह्यांच्या वेळी तिथूनच आणली होती.

गेलो. सात वाजायला दहा मिनिटं होती. काउंटरवर सत्तरीच्या एक बाई, सुती साडी, चष्म्याला दोरी. मी आधार कार्डाची झेरॉक्स पुढे केली. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि विचारलं, "दाराची रुंदी किती?"

मी चाळीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्स फिटर होतो. मशीन गेटवर यायच्या आधी दार मोजा, हे मी इंजिनिअर लोकांना ओरडून सांगायचो. आणि इथे तो प्रश्न मलाच, आणि मला उत्तर माहीत नाही. घरी फोन लावला, आमच्या हिने शिवणाची टेप लावून सांगितलं, तीस इंच. बाई म्हणाल्या, "कॉट तीन फुटी आहे. डोक्याकडचं आणि पायाकडचं पॅनल काढून, कुशीवर आडवी करून आत घ्यावी लागेल. जिन्याला वळण कसंय? मधला चौथरा मोठा आहे का?" मग पेशंटची उंची, वजन, कुठल्या बाजूचं ऑपरेशन. डावी बाजू म्हटल्यावर म्हणाल्या, "मग कॉटची डावी बाजू भिंतीला लावू नका. उतरताना-चढताना चांगला पाय आधी की दुखरा, हे फिजिओ सांगेल, पण दोन्हीकडून माणूस उभा राहू शकला पाहिजे."

डिपॉझिट पाच हजार, महिन्याला सहाशे. टेंपोवाला त्यांच्या ओळखीचा, त्याचे पैसे त्यालाच द्यायचे. पावती हाताने लिहिलेली, कार्बन घातलेली. शनिवारी बाराला कॉट घरात होती, सासूबाई तीनला आल्या.

आता वस्तूबद्दल. फाउलरमध्ये दोन प्रकार येतात. सेमी-फाउलरला एकच हँडल, नुसती पाठ उचलते. फुल फाउलरला दोन, पाठ एका हँडलवर आणि गुडघा दुसऱ्यावर. आम्हाला मिळाली ती फुल. पत्र्याला भोकं पाडलेले चार भाग, खाली स्क्रू रॉड, त्यावर नट सरकतो आणि पाठ वर येते. साधी यंत्रणा आहे, बिघडते ती फक्त दुर्लक्षाने. रॉडवर धूळ आणि केस बसतात, ग्रीस वाळतं, हँडल जड होतं, मग लोक जोर लावतात आणि सांध्यातली पिन कापली जाते. मी घरी आल्याआल्या कॉटखाली झोपलो. ही म्हणाली, आईला झोपवायचं आहे कॉटवर, तुम्हाला नाही.

खाली रॉडवर ताजं ग्रीस होतं. आणि फ्रेमला तारेने बांधलेलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. वर कॉटचा नंबर, चौदा. खाली रकाने: दिली, आली, काय केलं, सही. "पायाकडचं हँडल जड, ग्रीस लावलं." "एक चाक बदललं, ब्रेकवालं." "रंग उडालेला, घासून लावला." "सलाइनच्या दांड्याचा स्क्रू हरवला, नवीन टाकला." प्रत्येक ओळीपुढे दोन अक्षरांची सही. आठ वर्षांच्या नोंदी. आमच्या कंपनीत प्रत्येक लेथला असं हिस्ट्री कार्ड असायचं, आणि ते ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलं जायचं. इथे पेनं वेगळी होती, हस्ताक्षरं वेगळी होती, आणि एका ठिकाणी चहाचा डागही होता.

ती दोन-दोन अक्षरं कुणाची, हे मला तीन महिन्यांनी कळलं. संस्थेच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर कार्यकारी मंडळाची अकरा नावं असतात. कार्डावरच्या सह्या त्यातल्याच.

कॉटला मी पाचपैकी पाच देतो. एअर बेडला देत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कॉटसोबत एअर बेड घेतला होता, पंपासकट. त्यात आडव्या नळ्या असतात, एकाआड एक फुगतात आणि बसतात, साधारण दहा मिनिटांचा फेरा, म्हणजे एकाच जागी सतत दाब राहत नाही. एका रात्री पंपाची घरघर वाढली आणि कमरेखालच्या नळ्या फुगेनात. उजाडला तो रविवार. पावतीवरच्या नंबरवर फोन केला, वाजून वाजून बंद झाला. पाच वेळा. सोमवारी संध्याकाळी पाचला फोन उचलला गेला, साडेसातला एक गृहस्थ स्वतः स्कूटरवरून दुसरा बेड घेऊन आले. वागणूक उत्तम, क्षमा मागितली, जुना बेड घेऊन गेले. पण मधले दीड दिवस आम्ही दोघं दर दोन तासांनी सासूबाईंना कुशीवर वळवत होतो, आणि आमची ही स्वतः गुडघ्याची पेशंट आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रविवार नसतो. ही तक्रार मी लेखी दिली.

लेखी दिली म्हणून पुढचं घडलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं: आपली तक्रार अमुक तारखेच्या मंडळाच्या सभेत ठेवली, त्यावर असा ठराव झाला की परत आलेला प्रत्येक एअर बेड देण्यापूर्वी चार तास फुगवून ठेवावा, तसंच आपण या विषयातले जाणकार दिसता, तर एकदा येऊन पंप पाहाल का. तक्रारदाराला कामाला लावण्याची ही पद्धत मला आवडली म्हणावं की नाही, अजून ठरत नाही. गेलो. चार पंप उघडले. तिघांचे रबरी पडदे फाटलेले होते, पडदा बदलला की पंप नवा. दोन बेडना सायकलच्या पंक्चरसारखे पॅच लावले. निघताना त्या चष्म्याच्या दोरीवाल्या बाईंनी सभासदत्वाचा अर्ज पुढे केला. वर्गणी वर्षाला तीनशे. त्या संस्थेच्या उपाध्यक्षा होत्या, आणि त्याआधी तीस वर्षं वॉर्डात सिस्टर. दाराची रुंदी त्यांना का सुचली ते तेव्हा कळलं.

आता ज्यांना फक्त कॉट हवी आहे त्यांनी शेवटच्या परिच्छेदावर जावं. मला या मंडळाबद्दल लिहायचं आहे, कारण स्टेशनजवळच्या दुकानातली कॉट आणि ही कॉट यात लोखंड सारखंच आहे. फरक पडतो तो कार्डावर कोण सही करतं याने.

संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेली आहे, आपल्याकडच्या बहुतेक अशा संस्थांसारखी. एक, १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम, ज्यात सात माणसं एकत्र आली की संस्था काढता येते. दुसरा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं खातं. इथेही सुरुवात सातच जणांनी केली, एकाच्या आईची व्हीलचेअर माळ्यावर पडून होती तिच्यापासून. मालक कुणीच नाही. उद्या संस्था बंद केली तरी कॉटी सभासदांत वाटून घेता येत नाहीत, देणी भागवून उरेल ते दुसऱ्या संस्थेकडेच जातं, हे १८६० च्या कायद्यातच आहे. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, सभासद म्हणजे शेअरहोल्डर.

मंडळ अकरा जणांचं. नऊ सभासदांनी निवडलेले, दोन त्या नऊ जणांनी घेतलेले, ज्यांना स्वीकृत म्हणतात. मुदत तीन वर्षं. इथवर सगळीकडे असतं तसंच. पण यांच्या घटनेत एक कलम आहे, जे मी दुसरीकडे पाहिलं नाही: निवडणुकीला उभं राहायचं तर मागच्या दोन वर्षांत चाळीस वेळा काउंटर ड्युटी केलेली असली पाहिजे, ड्युटी रजिस्टरच्या सहीनिशी. अर्ज छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकारी, म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, रजिस्टर उघडून बोटाने ओळी मोजतात. अडतीस भरल्या तर अर्ज बाद. एकदा खुद्द माजी अध्यक्षांचा अर्ज एकोणचाळिसावर अडकला होता म्हणे. ते रुसले, सहा महिने आले नाहीत, मग आले आणि पुढच्या वेळी पंचाहत्तर ड्युट्या घेऊन निवडून आले.

या कलमाचा किस्सा आणखी एक. मोठी देणगी दिलेल्या एका सद्‌गृहस्थांना मंडळावर यायचं होतं. इतर ठिकाणी अशा माणसाला पायघड्या घालून उपाध्यक्ष करतात. इथे कार्यवाहांनी हात जोडून रजिस्टर दाखवलं. ते दोन ड्युट्यांना आले, तिसऱ्यापासून ड्रायव्हरला पाठवू लागले. मंडळाने ड्रायव्हरची ड्युटी साहेबांच्या नावे धरायला नकार दिला, पण ड्रायव्हरला बसू दिलं. साहेब पुढे यायचे थांबले. ड्रायव्हर स्वतःची वर्गणी भरून सभासद झाला. कळव्याला राहतो, कॉट उतरवताना पॅनल कुठल्या कोनात धरायचं हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. यंदा त्याच्या छत्तीस झाल्यात.

वार्षिक सर्वसाधारण सभा एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी दहाला. नोटिशीत ते सनातन वाक्य होतंच: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. आपल्याकडे हे वाक्य वाचून लोक साडेदहालाच येतात. कोरम पन्नासचा, दहाला हजर सदतीस. सभा तहकूब, बटाटावडे चालू. साडेदहाला पुन्हा सुरू. मला मत होतं. १८६० च्या कायद्यात आहे की वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर त्या सभासदाला मत देता येत नाही, आणि त्याला हजर म्हणून मोजतही नाहीत. दाराशी टेबल टाकून थकबाकीची यादी तपासली जात होती. एका आजोबांनी जागेवरच तीनशे काढून द्यायची तयारी दाखवली. त्यांना सांगितलं की वर्गणी घेतो, पण यांच्या नियमाप्रमाणे मतदारयादी आधीच्या महिनाअखेरीला बंद झाली आहे. आजोबांनी पैसे परत खिशात ठेवले.

नऊ जागांना बारा अर्ज होते, म्हणजे मतदान घ्यावंच लागलं. चिठ्ठ्या घडी घालून टाकायच्या आणि मतपेटी म्हणून कमोड खुर्चीचं भांडं. नवं, कोरं, झाकणासकट, खोक्यातून तिथेच काढलेलं. उपाध्यक्षाबाई म्हणाल्या, "आपल्याकडे यापेक्षा स्वच्छ दुसरं काही नाही." शंभर टक्के खरं. मोजणी फळ्यावर रेघा मारून झाली. पडलेल्या तिघांतली एक बाई उठून म्हणाली, "माझी मंगळवारची ड्युटी तशीच ठेवा." टाळ्या तिला जास्त पडल्या.

सभासद माणसं निवडतात, अध्यक्ष-कार्यवाह-खजिनदार कोण ते नऊ जण पहिल्या बैठकीत आपसात ठरवतात. त्याच बैठकीत स्वीकृत दोघं घेतात, आणि कशासाठी घेतलं ते इतिवृत्तात लिहावं लागतं. एक जागा फिजिओथेरपिस्ट मुलीची. दुसऱ्या जागेपुढे माझं नाव आणि कारण: "पंप, चाके व स्क्रू." चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं.

मंडळ करतं काय? बाहेरून वाटतं, सह्या करतं आणि हारतुरे घेतं. खजिनदारांचं उदाहरण देतो. सभेत एका सभासदाने विचारलं, "बँकेत आठ लाखांच्या वर आहेत, मग स्वतःचा टेंपो का घेत नाही?" प्रश्न रास्त वाटला, मान मीही हलवली. खजिनदार पूर्वी सहकारी बँकेत होते. त्यांनी ताळेबंद, म्हणजे परिशिष्ट आठ, सगळ्यांना काढायला लावला आणि डावीकडे बोट ठेवायला सांगितलं. "अनामत रकमा: सात लाखांच्या वर. ही डावी बाजू देण्यांची. हे पैसे आपले नाहीत. आत्ता ज्यांच्या घरात आपली कॉट आहे त्यांचे आहेत. उद्या सकाळी दहा जणांनी कॉट परत आणली तर दहा जणांचे पैसे उद्या संध्याकाळी द्यायचेत." आणि मग हळूच, "आपल्याकडे कॉट परत येते ती दोन कारणांनी येते. दुसऱ्या कारणाने येते तेव्हा त्या घराला पैशासाठी फेरी मारायला लावायची नाही." हॉलमध्ये कुणी बोललं नाही. टेंपोचा विषय संपला.

असं एकदा झालंही होतं, म्हणून ते इतके कडक. निवडणूक झाली की नवं मंडळ कोण, हा बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचा असतो. बदल अर्ज म्हणतात त्याला. मागे एका कार्यवाहांनी तो ठेवला टेबलाच्या खणात. नव्वद दिवस उलटले. बँकेने नव्या सह्या घ्यायला नकार दिला, त्यांना परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय नोंदवहीचा, उतारा हवा, आणि त्यावर जुनीच नावं. जुने खजिनदार तोवर मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले. विलंब माफीचा अर्ज, वकील, तारखा. दोन-अडीच महिने चेक घेऊन एक माणूस इंद्रायणीने पुण्याला सहीला जायचा. ज्यांच्या घरी माणूस गेला त्यांनाही थांबावं लागलं. तेव्हापासून बदल अर्जाची पोच काचेच्या फ्रेममध्ये काउंटरच्या मागे टांगलेली असते. लोकांना वाटतं बक्षीसपत्र आहे.

कार्यवाहांचं काम मला सगळ्यात किचकट वाटतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कंटाळवाणं. नोटीस, इतिवृत्त, बदल अर्ज, हिशेब तपासनिसाच्या मागे लागणं, देणगीदारांचा तपशील ३१ मेच्या आत आयकर खात्याला १०-बीडी या फॉर्ममध्ये भरणं, मग प्रत्येकाला देणगीचं १०-बीई प्रमाणपत्र. कुणी दोन हजारांहून जास्त रोख आणले तर त्याला सांगणं की घेतो, पण देणगीवरची ८०-जीची करसूट मिळायची नाही, चेक दिलात तर बरं. हे सगळं बिनपगारी. प्रवासखर्चसुद्धा मागत नाहीत, जे मला पटत नाही. कळव्याहून रोज रिक्षाने येणाऱ्याला पदरमोड करायला लावायची आणि सेवाभाव म्हणायचं, त्यामुळेच मंडळावर पेन्शनवालेच उरतात.

आणि हीच माझी मोठी तक्रार आहे. अकरांपैकी नऊ साठीच्या पुढचे. चाळीस ड्युट्यांचं कलम सुंदर आहे, पण काउंटर पाच ते सात. घोडबंदर रोडला राहून पवईला नोकरी करणारा मुलगा सातच्या आत ठाण्यात पोचेल का? घटना लिहिणाऱ्यांचा हेतू बड्यांना बाहेर ठेवण्याचा होता, बाहेर राहिले तरुण. मी पहिल्याच बैठकीत सुचवलं की शनिवार-रविवार सकाळच्या ड्युट्या सुरू करा, रविवारचा फोनही सुटेल. चर्चा झाली, "विषय पुढील सभेपर्यंत स्थगित." पुढील सभेत गणेशोत्सवाच्या स्टॉलचा विषय निघाला. त्यापुढील सभेत मी स्थगित हा शब्दच इतिवृत्तातून मोठ्याने वाचला. आता महिन्यातले दोन रविवार सकाळी दहा ते बारा उघडं असतं, प्रायोगिक तत्त्वावर. बाकीच्या रविवारी फोन अजूनही वाजतोच.

मंडळाच्या सावकाशीचा दुसरा नमुना म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मशीनसाठी लोक रडत यायचे. तेव्हा देणगीतून आलेली पाच लिटरची काही मशीन नंतर मागच्या गाळ्यात प्लॅस्टिकखाली पडून राहिली. या मशीनच्या आत झिओलाइटचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात म्हणून ऑक्सिजन बाहेर येतो. मशीन न चालवता ठेवलं की दाण्यांत ओल जाते, आणि मशीन चालू दिसलं तरी हवी तेवढी शुद्धता मिळत नाही. म्हणजे ते रुग्णाला देणं धोक्याचं. दुरुस्त करा किंवा विका, एवढंच ठरवायचं होतं. अध्यक्षांचं म्हणणं, ट्रस्टची मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तीन सभा यात गेल्या. शेवटी एका वकील सभासदाने कायद्याचं पुस्तक आणलं आणि ३६ वं कलम वाचलं: परवानगी लागते ती स्थावर मालमत्तेला. "साहेब, हे मशीन स्थावर आहे का? याला चाकं आहेत." दोन मशीन कंपनीकडून दाणे बदलून घेतली, ती आता ऑक्सिजन मोजून देतो. बाकीची सुट्या भागांसाठी गेली, पैसे बँकेत जमा, पावती इतिवृत्ताला जोडली.

ठाण्यात सभासदांच्या जिवावर चालणाऱ्या संस्था नव्या नाहीत. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून, आमच्याकडे लहानपणी मुलांना साबणाच्या वड्या मोजायला बसवायचे ते त्यांच्याच घाऊक किराण्याच्या वाटपाच्या दिवशी, शेजारणी मिळून. तेव्हा कुणी गव्हर्नन्स वगैरे म्हणायचं नाही, यंदा तुमची पाळी म्हणायचे.

डिसेंबरच्या शेवटी सासूबाई वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागल्या आणि पहिलं काम म्हणून आमच्या हिच्या फोडणीला नावं ठेवली. कॉट परत केली. साडेचार महिन्यांचे सत्तावीसशे झाले, डिपॉझिट त्याच संध्याकाळी मिळालं. परत करताना नियमाप्रमाणे मी तपासायला बसलो नाही, आपलीच वस्तू आपण तपासायची नाही असा दंडक आहे. फिजिओ मुलीने तपासली, गुडघ्याकडचं हँडल दहा वेळा फिरवलं, आणि कार्डावर लिहिलं: "मधल्या पत्र्याला पोचा. ठोकून सरळ करणे." तो पोचा माझ्याच टूलबॉक्सचा. पन्नास रुपये भरले.

कॉट पाच तारे, वॉकर पाच (रबरी बूच नवीन होते, जुने असतील तर मागून बदलून घ्या, फरशीवर सटकतात), एअर बेड तीन, फोन दोन. एकूण चार. येताना पेशंटचं डिस्चार्ज पेपर आणि एक ओळखपत्र आणा, डिपॉझिट चेकने किंवा यूपीआयने द्या. एअर बेड नेणार असाल तर तो चार तास फुगवून ठेवला होता का ते विचारा, रजिस्टर दाखवतील. गुरुवारी आलात तर मी असेन. दार मोजून या.